रांजणात, तेरा ते बावीस अंश

मिलिंद,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सात जण बोलले आणि सातही जणांनी तुला मनमिळाऊ म्हटलं. कुणी म्हणालं, शांत माणूस. कुणी म्हणालं, कधी कुणाशी वाद नाही, कधी वर तोंड करून बोलणं नाही. मी तिसऱ्या रांगेत पांढरी साडी नेसून दात-ओठ खात बसले होते. वाद नाही? मग आपल्या दोघांत चार महिने अबोला कशाचा होता? वंदना झाली, जेवणं झाली आणि सगळे आपापल्या गाड्यांवर बसून गेले.

तुझ्या बायकोनं, कवितानं, मला दोनदा खुणावलं, तू पण बोल म्हणून. मी मान हलवली. उठले असते तर भांडले असते, आणि भांडायला समोर काय, तर हार घातलेला फोटो. पासपोर्टचाच मोठा केलेला. म्हणून हे घरी बसून लिहितेय. ऐकून घे. मध्ये बोलू नको. तसाही आता बोलणार नाहीस.

पहिलं भांडण तुझ्या मरण्याचं. पंधरा दिवस छातीत कळ येत होती हे मला कविताकडून कळलं, तेही तू गेल्यावर. पित्त आहे म्हणालास. सोडा प्यालास, ओवा चावलास आणि छावणीतून कॉलेजपर्यंत गाडी हाकत राहिलास. अरे, काचेवरच्या थराची जाडी तीन वेळा मोजल्याशिवाय तू वहीत आकडा लिहीत नव्हतास. मी एकदाच मोजून लिहायला लागले तर माझ्या हातातून पेन काढून घ्यायचास. आणि स्वतःच्या छातीचा एक कागद काढून बघायला तुला सुचलं नाही? सगळी जिंदगी आलेख वाचण्यात घातलीस. हा एक तुझा तुला वाचायचा होता, दहा मिनिटांचं काम होतं.

का गेला नाहीस तेही मला माहीत आहे. तास बुडाला असता. आपण दोघंही तासिका तत्त्वावरचे मास्तर, तास घेतला तर पगार, आजारी पडलं तर बोंब. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा, नव्यानं रांगेत उभं राहायचं आणि चाळिशी उलटली तरी स्टाफरूममध्ये ‘नवीन सर’ नाहीतर ‘नवीन मॅडम’ म्हणवून घ्यायचं. राग मी तुझ्यावर काढतेय, कारण तुझं नाव मला ठाऊक आहे. ज्यांच्यावर काढायला पाहिजे ते दर दोन वर्षांनी बदलतात आणि प्रत्येक नवा माणूस म्हणतो, मॅडम, मी आत्ताच चार्ज घेतलाय.

तुझ्या कॉलेजातल्या शिपाईमामांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मिलिंद सरांचं कळलं का, असं त्यांनी विचारलं. मी सवयीनं म्हणून गेले, "काय केलं आता त्या मेल्यानं?" वीस वर्षं उठता-बसता तुला तसंच हाक मारलीय मी. मामा म्हणाले, सर गेले, मॅडम. ते अजून माझ्या कानातून जात नाही, आणि ती शिवी मी आता कुणालाच देऊ शकत नाही.

आता खऱ्या भांडणावर येते.

एकाच गाईडकडं आपण पीएचडीला नाव घातलं तेव्हा दोघांच्याही डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते. सरांनी विषय दिला टिन सल्फाइड. कथील आणि गंधक. कल्हईवाला भांड्याला लावतो तेच कथील, असं तू तुझ्या आईला समजावलंस, तर ती म्हणाली होती, मंग कल्हईचा धंदाच काय वाईट व्हता? आपण बीकरमध्ये द्रावण करायचं, त्यात काचेच्या पट्ट्या उभ्या करायच्या आणि बीकर गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. तीन-चार तासांत पट्टीवर करडा-काळा थर चढायचा. मग त्याच्यातून उजेड किती जातो, वीज किती वाहते, हे मोजत बसायचं. असे काळे थर आपण दीड वर्ष काढले, आणि आपल्याआधी जगानं ते शेकड्यांनी काढून ठेवले होते.

मग तो डिसेंबर. दुपारी साडेतीनला लाइट गेली, आणि पाठोपाठ गारखेड्याहून सासूबाईंचा फोन, पाणी आलंय. पाण्याचा दिवस म्हणजे काय हे या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. आठवड्यानं नळाला धार येते, तेव्हा घरात हात नसले तर पुढचा आठवडा टँकरमागं पळा. पट्ट्या द्रावणात तशाच सोडून मी पळाले. पट्ट्या काढाव्यात आणि बीकर धुऊन ठेवावा, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. मलाही कळत होतं. पण घरातले ड्रम रिकामे होते.

दुसरा कुणी असता तर त्यानं ते ओतून दिलं असतं. तू काय केलंस, बीकरवर काच झाकलीस, गळ्याला सुतळी बांधलीस आणि सरांच्या लॅबच्या व्हरांड्यातल्या पाण्याच्या रांजणात तो सोडलास. का, तर तुझी आई दूध नासू नये म्हणून तांब्या असाच रांजणात सोडायची. माझं द्रावण नासेल म्हणून! दुसऱ्या दिवशी मी आल्या आल्या आधी भांडले. पिण्याच्या पाण्यात रसायनाचा बीकर बुडवतो, अक्कल गहाण ठेवलीस का, सगळं बोलले. तू गुमान पाणी ओतून दिलंस आणि लाल रंगानं रांजणावर लिहिलंस, ‘पिऊ नये’. मग हात पुसत म्हणालास, "शिव्या झाल्या असतील तर पट्टी बघ."

पट्टी तांबूस होती. खिडकीपुढं धरली तर कोऱ्या चहासारखा उजेड आरपार येत होता. आपल्या काळ्या थरातून कधी उजेड आला नव्हता. मी म्हटलं, घाण बसलीय, फेक. तू फेकली नाहीस. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते, आणि हे वाक्य मी या पत्रात एकदाच लिहिणार आहे.

पुढचे दोन महिने आपण माणसांत नव्हतो. काळा थर जिथून उजेड गिळायला लागायचा, तिथं हा गिळतच नव्हता, तांबडा उजेड सरळ सोडून द्यायचा. अंधारात ठेवला तर वीज जवळजवळ नेतच नव्हता, टॉर्च मारला की मीटर हलायचा. क्ष-किरणांचा आलेख बाहेरगावाहून मोजून मागवला, तर नेहमीच्या शिखरांना खेटून अनोळखी शिखरं उभी. सर म्हणाले, भेसळ आहे. तू सरांच्या तोंडावर म्हणालास, भेसळ नाही सर, अणू तेच आहेत, बसायची रीत वेगळी. काळ्यात ते थरावर थर बसतात, याच्यात चौकोनी घरं करून बसलेत. तेच बेसन, एकाचं पिठलं आणि एकाचा झुणका. सरांना झुणका आवडला नाही. आपली पीएचडी काळ्या थरावरच झाली, आणि तांबूस थराला शेवटच्या प्रकरणात ‘इतर निरीक्षणे’ म्हणून दोन ओळी मिळाल्या.

नंतर वाचनात कळलं की ही चौकोनी घरांची रचना जगात आणखी कुणाकुणाला मिळालीय. पण त्यांच्याकडं द्रावण थंड ठेवायचं यंत्र होतं आणि आपल्याकडं रांजण. उन्हाळ्यात आपण जीव काढला, एक पट्टी तांबूस झाली नाही. पुन्हा थंडी आली आणि पुन्हा झाली. त्याच थंडीत पहिल्या रांजणाला चीर गेली. मग वेरूळच्या अलीकडं तुझं गाव, तिथून तुझ्या आईचा रांजण आणायला आपण तुझ्या गाडीवर गेलो. येताना मी मागं बसले होते, मध्ये पोत्यात गुंडाळलेला रांजण, आणि दौलताबादच्या घाटात तू वळणावळणाला ओरडत होतास, "ज्योते, पोटाशी धर!" लोक बघत होते. आईनं निघताना बजावलं होतं, साबण लावू नका त्याला, छिद्रं बुजत्यात, मंग गार व्हत नाय. एवढी हसले नाही मी त्यानंतर.

तू रोज संध्याकाळी त्यात तापमापी बुडवायचास आणि सकाळी सहाला येऊन पुन्हा बघायचास. संध्याकाळी बावीस, सकाळी तेरा. सगळ्या वहीभर तुझे तिरके आकडे.

पेपर लिहायला घेतला तो मी. सर म्हणाले, रांजण लिहाल तर लोक हसतील. मला पटलं. मी लिहिलं, ‘पंधरा अंशांवर स्थिर ठेवलेल्या पाण्याच्या कुंडात’. त्यात काय मोठं बिघडलं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. सगळेच थोडं इस्त्री करून लिहितात. तू वाचलंस आणि सही करायला नाही म्हणालास. लेखकांपैकी एकाची जरी संमती नसेल तर पेपर जात नाही. तो गेला नाही. आधी त्यावर औरंगाबाद लिहिलं होतं, मग मी ते खोडून छत्रपती संभाजीनगर केलं. शहराचं नाव बदलून झालं तरी पेपर माझ्या कपाटात तिथंच.

आणि मग गेल्या दिवाळीनंतर माझी कायम जागेची मुलाखत लागली. पंधरा वर्षांत पहिली. मला पेपर हवा होता, निदान पाठवल्याची पावती तरी. तुला छावणीतल्या तुझ्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर गाठलं. तू आधी समजावलंस. म्हणालास, स्थिर कुठं होतं गं, ते रात्रभर हळूहळू उतरतं, आणि मला वाटतं ते उतरणंच कामाचं आहे. परदेशात कुणी पंधरावर स्थिर ठेवून बघेल, त्याला काळं-तांबडं काहीतरी मिळेल, तो आपल्याला लबाड म्हणेल. आणि दुसरं म्हणालास, एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात यंत्र नसतं, लाइट नसते, रांजण असतो. त्यांना कळू दे की एवढ्यावर होतं.

मी ऐकून घेतलं नाही. तुला रांजणाचं कौतुक आहे, माझ्या पोटाचं नाही, असं म्हटलं. आणखी बरंच म्हटलं. शेवटी म्हटलं, "तू तासिकेवरच मरशील."

टपरीवाल्यानंही मान वर केली. तू कपातला चहा संपवलास, कप ठेवलास आणि म्हणालास, "मरू दे की. पण खोटं नको लिहू, ज्योते."

हे मी कार्यक्रमात उठून सांगायला पाहिजे होतं का? सगळ्यांसमोर? की या शांत, मनमिळाऊ माणसाला मी असं म्हटलं होतं, आणि ते तंतोतंत खरं झालं? ते वाक्य मला परत घ्यायचं होतं, मिलिंद. चार महिने होते माझ्याकडं. माफ कर म्हणायला एक फोन पुरला असता. आता म्हणतेय, पण कुणाला म्हणतेय?

मुलाखतीत माझं झालं नाही. पेपर असता तर झालं असतं का, देव जाणे. जागा आधीच कुणासाठी तरी ठरली होती असंही लोक म्हणतात. पण मला तेव्हा कुणीतरी एक धरायचा होता आणि तू हाताशी होतास. मी तुझे दोन फोन उचलले नाहीत. संक्रांतीला तू मेसेज पाठवलास, तिळगूळ घ्या, तोंड सोडा. ‘गोड बोला’ लिहायचं सोडून ‘तोंड सोडा’. मला हसू आलं होतं. मी तरी उत्तर दिलं नाही.

आता जे तुला माहीत नाही ते सांगते. जानेवारीत मी दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेत गेले, माझी जुनी विद्यार्थिनी तिथं आहे. त्यांच्याकडं थंड ठेवायचं यंत्र आहे. मला तुझी जिरवायची होती. पंधरावर स्थिर ठेवून तसाच तांबूस थर काढीन आणि पट्टी तुझ्या टेबलावर आदळीन, असं ठरवून गेले होते. तीनदा केलं. तिन्ही वेळा ठिपक्याठिपक्यांचा थर आला, मध्ये तांबूस, कडेनं काळपट डाग. मग त्या यंत्राला संध्याकाळी बावीसवरून सकाळपर्यंत तेरावर हळूहळू उतरायला लावलं, तुझ्या वहीतल्यासारखं. सकाळी पट्टी काढली. काठापासून काठापर्यंत कोरा चहा.

तू बरोबर होतास. हे तुला सांगायला मी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं आणि ठेवून दिला. म्हटलं, दोनदा मी उचलला नाही तर तिसऱ्यांदा त्यानं करावा. माझा मान! तीन आठवडे तो मान मी कुरवाळत बसले, आणि चौथ्या आठवड्यात मामांचा फोन आला. तोवर मनात पेपर बदलूनही झाला होता. रांजण लिहायचा, आकडे तुझे लिहायचे, सर काय म्हणतील ते म्हणोत. पुढच्या थंडीच्या आत तुझ्यापुढं आणून टाकायचा आणि तुझं तोंड बघायचं, एवढाच बेत होता.

आणि तू काय करून ठेवलंस?

कार्यक्रम संपल्यावर कवितानं मला आत बोलावून एक पिशवी दिली. तुझी वही, पट्ट्यांचा डबा आणि माझ्या पेपराची प्रत. माझी. ‘पंधरा अंशांवर स्थिर’वाली. मागं संमतीचा कागद जोडलेला आणि त्यावर तुझी सही. कविता म्हणाली, जायच्या आधीच्या बुधवारी केली, ओवा चघळत बसले होते, रविवारी ज्योतीकडं नेऊन देतो म्हणाले. रविवारपर्यंत तू राहिला नाहीस. वर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलंयस, ‘जूनमध्ये हिला पुन्हा मुलाखत देता येईल. जाऊ दे. रांजण आपल्या दोघांना माहीत आहे तेवढं बास.’

मी तिथंच, तुझ्या घरात, तुझ्या फोटोसमोर मोठ्यानं म्हटलं, "तुला सांगितलं कुणी?" आतली बायामाणसं बघायला लागली. कवितानं मला पाणी दिलं. तिला वाटलं मी रडतेय. मी रडतही होते, पण आधी मला तुला धरून हलवायचं होतं. आठ वर्षं जो माणूस एका शब्दासाठी अडून बसला, सरांपुढं वाकला नाही, माझ्या शिव्यांपुढं वाकला नाही, तो छातीतली कळ दाबत बसून हे करतो? माझ्यासाठी? मी काय मागितलं होतं तुझ्याकडं, तुझं इमान? मागितलं होतं, हो. म्हणून तू द्यायचास? तू नाही म्हणतोस म्हणून तर मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडत होते. माझ्या हातातलं पेन काढून घेणारा या जगात एक माणूस होता आणि त्यानंच पेन माझ्या हातात देऊन टाकलं.

दारात तुझी आई बसली होती. तिनं माझा हात धरला आणि फक्त एवढंच विचारलं, "माझा रांजण हाय का गं तिथं अजून?" मी म्हटलं, आहे, आई. ती म्हणाली, "साबण नाय ना लावला कुणी?"

घरी आले आणि पहिल्यांदा तुझी सही फाडली. चार तुकडे केले. ती सही तुझी असेल, पण त्यातलं वाक्य तुझं नव्हतं, आणि तुझ्या नावाखाली मी खोटं पाठवणार नाही. मग पेपर उघडला. तुझ्या नावापुढं आता एक खूण करावी लागते, लेखक हयात नाही म्हणून. ती केली की संमती लागत नाही. किती सोयीचं झालंय बघ. आता मी काहीही लिहू शकते आणि तू नाही म्हणू शकत नाहीस.

म्हणून लिहिलंय. व्हरांड्यातला मातीचा रांजण लिहिलाय. संध्याकाळी बावीस, सकाळी तेरा लिहिलंय, तुझी सगळी वही जोडलीय, माझे तीन फसलेले थर लिहिलेत. ही पद्धत दुधाचा तांब्या रांजणात ठेवणाऱ्या एका बाईची आहे, हे तिच्या नावागावासकट आभारात लिहिलंय. सर हसतील, जूनमध्ये मुलाखत घेणारे हसतील, हसू देत. काल पाठवून टाकला.

बुधवारी मोठ्या मनानं सही केली होतीस ना तू? आता ये, आणि यातला एक शब्द तरी खोडून दाखव.

ज्योती